डाव्या पायाचा गमबूट

मुलांनो, आधी एक काम करा. डोळे मिटा. घट्ट. आता उजवा हात नाकासमोर धरून बोटं हलवा. दिसतात? नाही ना? तरी पापण्यांतून थोडा तांबूस उजेड आत येतोच, खिडकी कुठल्या बाजूला आहे ते कळतंच. आता तेवढाही उजेड नाही असं समजा. हेल्मेटवर एक दिवा आहे, पण तो समोरच्या चार हातांपुरता. बाकी सगळीकडे तुमच्या मिटल्या डोळ्यांसारखा काळोख. डोकं जरा वर केलं की ओला दगड लागतो. पायाखाली घोटाभर गार पाणी आहे. हवेला ओढलेल्या काडीसारखा वास आहे. आणि तुमच्या डाव्या पायात बूट नाही.

आलात? मग आता तुम्ही माझ्या शेजारी उभे आहात. उघडा डोळे, नाहीतर पुढचं वाचणार कसं!

ही जागा पोतोसी गावाजवळची. दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया नावाचा देश आहे, त्यातलं हे जुनं शहर. कळसूबाईच्या डोक्यावर दुसरी कळसूबाई ठेवा, तिच्यावर अर्धा साल्हेर ठेवा, म्हणजे जेवढी उंची होईल तेवढ्या उंचीवर ते वसलंय. गावामागे तांबडा, सुळक्यासारखा एक डोंगर आहे. शेकडो वर्षं लोक त्याच्या पोटातून चांदी काढताहेत, म्हणून तो आतून वाळवी लागलेल्या दारासारखा झालाय.

अठरा वर्षं झाली या गोष्टीला. मी तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते. सटाण्याच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. अँडीज पर्वत फळ्यावर शंभरदा काढला असेन, पण पाहिला नव्हता. धाकटा भाऊ यशवंत तिकडे सुक्रे शहरात पाण्याच्या पाइपलाइनच्या कामावर होता. तो म्हणाला, "ताई, खडूचा पर्वत पुरे झाला. ये आता." मी गेले. महिनाभरात श्वास तिथल्या हवेला सरावला, तेव्हा त्याने मला आणि त्याच्या बारा वर्षांच्या केतकीला दोन दिवसांसाठी पोतोसीच्या बसमध्ये बसवून दिलं.

"केतूला स्पॅनिश येतं, तुला पोरं सांभाळता येतात," तो म्हणाला. "कोण कोणाला सांभाळतंय ते तुमचं तुम्ही ठरवा."

पहिला दिवस गाव बघण्यात गेला. अरुंद चढाचे रस्ते, रस्त्यावर झुकलेले लाकडी सज्जे, दर वळणाला एक चर्च. मी प्रत्येक चर्चपुढे थांबून हात जोडत होते आणि केतकी दहा पावलं पुढे जाऊन, माझी कोणी नसल्यासारखी उभी राहत होती.

"आत्या, सगळीकडे नमस्कार कशाला? लोक बघतात."

"बघू देत. मी काय चोरी करतेय?"

"आणि रस्त्यात एवढ्या मोठ्याने मराठी नको ना बोलू."

"बरं बाई. तुझ्या कानात बोलते."

दुसऱ्या दिवशी खाण. आमच्या वाटाड्याचं नाव सिल्वेरिओ. चाळिशीचा, बुटका, रुंद छातीचा माणूस. स्वतः पंधरा वर्षं त्याच खाणीत राबलेला. आमच्याबरोबर अर्जेंटिनाचं एक नवं लग्न झालेलं जोडपं होतं. सिल्वेरिओने आधी आम्हाला खाणकामगारांच्या बाजारात नेलं, कारण तिथली रीत अशी, की खाणीत पाहुणा गेला तर रिकाम्या हाताने जात नाही. मला ते फार पटलं. मी प्लास्टिकच्या जाड पिशवीत कोकाची पानं घेतली. कामगार ती पानं तंबाखूसारखी गालात धरतात, म्हणजे भूक आणि दम विसरायला होतं.

मग आम्हाला जाड अंगरखे, हेल्मेट आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी गमबूट मिळाले. केतकीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आत्या, तू अंतराळवीर दिसतेस. कुंकू लावलेली."

खाणीच्या तोंडाशी सिल्वेरिओ थांबला आणि बोटांवर मोजत बोलू लागला. केतकी मला मराठीत सांगत होती.

"तो म्हणतोय, हेल्मेट काढायचं नाही आणि बूट काढायचे नाहीत. आतलं पाणी अंगाला वाईट आहे."

मी हसले. "आत काय झोपायला चाललोय, बूट काढायला!"

"ऐक ना. आज बाराला वरच्या बोळात सात सुरुंग आहेत. दगड सैल आहे आणि धूर खाली उतरतो. म्हणून पावणेबाराला आपण बाहेर पाहिजे. तो 'बामोस' म्हणाला की निघायचं, कोणी मागे थांबायचं नाही. आणि भिंतीवर हा हवेचा पाइप आहे ना, त्यावर तीन ठोके पडले तर समजायचं, पाच मिनिटांत वात पेटवणार."

"समजलं. विचार त्याला, बाहेर पडल्यावर चहा मिळेल का?"

"आत्या!"

आत शिरलो. वाकून, कधी रांगत, कधी फळ्यांवरून. एके ठिकाणी मुख्य बोगद्याला एक फाटा फुटत होता. तो धरून शेदोनशे पावलं गेल्यावर कोनाड्यासारखी जागा आली, आणि दिव्याच्या उजेडात एकदम तो दिसला.

मातीची मूर्ती. माणसाएवढी, बसलेली. डोक्याला शिंगं, लाल तोंड, काचेचे डोळे. गळ्यात रंगीत कागदाच्या माळा, मांडीवर पानांचा ढीग. सिल्वेरिओने हेल्मेटला हात लावला, मूर्तीच्या तोंडात सिगारेट ठेवून पेटवली, पुढ्यात पानं सोडली.

"ह्याचं नाव तिओ," केतकी म्हणाली. "म्हणजे काका. बाहेर चर्चचा देव, पण जमिनीखाली सगळं ह्या काकाचं. चांदी त्याची, जीवही त्याच्या हातात. म्हणून रोज त्याला पान देऊन मग काम. देवाला काका म्हणतात, काय विचित्र ना!"

"विचित्र कसलं? खंडोबा, म्हसोबा, विठोबा. आपण बा म्हणतो, बाप म्हणतो. ह्यांचा काका."

मला त्या शिंगवाल्याकडे बघून आमच्या वेशीबाहेरचा शेंदूर फासलेला म्हसोबा आठवला. जमिनीखाली, इतक्या परक्या देशात, ओळखीचं कोणीतरी भेटल्यासारखं झालं.

"बामोस," सिल्वेरिओ म्हणाला. मी घड्याळ पाहिलं. अकरा पंचवीस. तो पुढे, त्याच्या मागे ते जोडपं, असे तिघे वाकून बोळात शिरले.

"चल आत्या."

"एक मिनिट. पानं वाहते आणि नमस्कार करते." मी कडेच्या दगडावर बसले आणि डावा गमबूट ओढून काढला.

"आत्या! काय करतेस? बूट काढायचे नाहीत!"

"अगं, देवापुढे पायात घालून उभं राहायचं? क्षणभराचं काम. तूही काढ."

"मी नाही काढणार."

"लाज वाटते तुला?"

"हो, वाटते!" ती जवळजवळ रडायलाच आली होती. "तुला सांगितलेलं कळत नाही का?"

मी बूट, देवळाबाहेर ठेवतो तसा, भिंतीच्या कडेला नीट उभा ठेवला आणि उजव्या बुटाला हात घातला. माझं कोपर त्याला लागलं असावं. बूट कलंडला. तिथे एक फळी होती. तिच्या आणि भिंतीच्या मध्ये काळी फट होती, दगड खालच्या मजल्यावर सोडायची. बूट त्या फटीत गेला. मी हात घालेपर्यंत काही नव्हतं. मग किती तरी वेळाने, खूप खालून, आवाज आला. बुडुक.

आम्ही दोघी त्या फटीकडे बघत राहिलो. मग एकदमच दोघींनी मागे पाहिलं. बोळात दिवा नव्हता. पावलांचा आवाजही नव्हता.

"सिल्वेरिओ!" केतकी ओरडली. तिचा आवाज दगडात शिरला आणि तिथेच राहिला.

मी उठले. डावं पाऊल पाण्यात टाकलं आणि टोकदार काहीतरी तळव्यात घुसलं. परत बसले.

"घाबरू नकोस," मी म्हणाले. "हे बघ, नियम काय? हरवलं की आहे तिथेच थांबायचं. साल्हेरच्या सहलीत विजू बोराळे धुक्यात चुकला होता, पाचवीतला. दगडावर बसून राहिला म्हणून तर सापडला. सिल्वेरिओ मोजेल आपल्याला, येईल परत."

"आणि नाही मोजलं तर? त्याला वाटत असेल आपण मागेच आहोत."

"मोजेल गं."

"तुला कसं माहीत?"

मला माहीत नव्हतं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, म्हणजे तिचा दिवा माझ्या डोळ्यांत आला, आणि तिला ते कळलं.

"आत्या, तो म्हणाला होता, थांबायचं नाही. तुझा नियम डोंगराचा आहे. हा डोंगराच्या आतला आहे."

अकरा चौतीस. मी एकतीस वर्षं जे पोरांना बजावलं, ते एका बारा वर्षांच्या पोरीने असं मोडीत काढलं.

"बरं. पण मी अशी चालणार कशी?"

केतकीने माझ्या हातातली पिशवी घेतली. निम्मी पानं काकाच्या मांडीवर ओतली, उरलेली अंगरख्याच्या खिशात कोंबली. स्वतःची लोकरीची टोपी हेल्मेटखालून ओढून काढून माझ्या पावलावर चढवली, तिच्यावर पिशवी, आणि गळ्यातला रुमाल घोट्याशी करकचून बांधला.

"चल. पाइपावर हात ठेव. माझा अंगरखा सोडू नकोस."

ती पुढे, मी मागे. तीस-चाळीस पावलांत पिशवी फाटली. लोकर भिजली, जड झाली, आणि प्रत्येक पावलाला तळवा चरचरू लागला. मी ओठ दाबून चालले होते. तिला कळू नये म्हणून. तिला कळत होतं, कारण ती दर दहा पावलांनी न बोलता थांबत होती.

मग ती थांबली ती थांबलीच.

"आत्या, इथे दोन वाटा आहेत."

मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. उजवीकडे एक बोगदा, डावीकडे एक. हवेचा पाइपही दोन तोंडांचा होऊन दोन्हींकडे गेलेला.

"येताना कुठून आलो?"

"मला नाही आठवत." तिचा आवाज बारीक झाला. "मी तेव्हा... मी तुझ्यावर चिडले होते. तू फळीवरून घसरलीस आणि ती बाई हसली. मी खाली बघत चालत होते."

टण्. टण्. टण्.

आवाज माझ्या तळहाताखालून आला. पाइप थरथरला. दूर कुठेतरी कोणीतरी त्याच्यावर लोखंड आपटलं होतं. अकरा बेचाळीस. बाराला म्हणाले होते, पण त्यांच्या लेखी पाहुणे केव्हाच बाहेर पडले असणार.

"तीन ठोके," केतकी म्हणाली. "आत्या, पाच मिनिटं." आणि ती उजवीकडे पळायला निघाली. मी तिच्या अंगरख्याचा पट्टा धरला.

"थांब."

"सोड मला!"

"केतू. एक प्रश्न. खाणीत पाणी साचलं तर कामगार बुडतील. मग बोगदा खोदताना उतार कुणीकडे ठेवतील?"

"आत्या, आत्ता प्रश्न?"

"कुणीकडे?"

तिने पायाखालच्या पाण्याकडे पाहिलं. "बाहेरच्या बाजूला."

"खिशातलं एक पान काढ."

तिने कोकाचं एक पान पाण्यावर सोडलं. दोघींनी दिवे खाली वळवले. पान जागच्या जागी गोल फिरलं. परत फिरलं. मला वाटलं, इथे पाणी साचलेलंच आहे. मग ते पान जरासं हललं, एका दगडाला अडलं, सुटलं, आणि हळूहळू, कुणाला कसली घाई नसल्यासारखं, डावीकडच्या बोगद्यात निघालं.

"डावीकडे," केतकी म्हणाली.

आम्ही निघालो. आता ती थांबत नव्हती आणि मीही ओठ दाबत नव्हते. पिशवीच्या नुसत्या चिंध्या उरल्या होत्या. एका पावलाला मी गुडघ्यावर पडले. ती वळली, माझ्या काखेत हात घालून ओढू लागली.

"तू पुढे जा," मी म्हणाले. "पाण्याच्या दिशेने सरळ पळ. मी येते."

"नाही."

"केतकी, मी मोठी आहे, मी सांगतेय."

"तूच काय ते सारखं सांगतेस ना! ह्या वेळी मी सांगणार. ऊठ."

मी उठले. आणि तेव्हाच समोरच्या काळोखात एक दिवा दिसला. वर-खाली नाचत येणारा. धापांचा आवाज. सिल्वेरिओ.

त्या जोडप्याला उजेड दिसेल तिथवर नेऊन सोडल्यावर त्याने मागे वळून दिवे मोजले होते. दोन कमी भरले. तीन ठोके पडत असताना हा माणूस बाहेरून आत पळत आला होता.

मला वाटलं, आता हा ओरडेल. त्याने दिवा माझ्या पायावर पाडला. लोकरीतून रक्त पाण्यात उतरत होतं. तो मटकन तिथेच पाण्यात बसला, स्वतःचा डावा गमबूट ओढून काढला आणि माझ्यापुढे धरला. काहीतरी म्हणाला.

"तो म्हणतोय, घाल."

"अगं, मग त्याच्या पायाचं काय?"

केतकीने विचारलंही नाही. "तो म्हणतोय, बोलू नकोस. घाल!"

मी पाय घातला. बूट आतून गरम होता. सिल्वेरिओने एका हाताने मला धरलं, दुसऱ्याने केतकीला, आणि आम्ही तिघं त्या पाण्यातून जवळजवळ धावत निघालो. त्याचं उघडं पाऊल दगडांवर पडताना मला ऐकू येत होतं. बुटाचा आवाज जड येतो. त्याच्या मधला तो हलका, चपचप आवाज, तो मी अजून विसरलेले नाही.

समोर आभाळ दिसलं. नाण्याएवढं. मग वाटीएवढं. तेवढ्यात पहिला सुरुंग उडाला. आवाज नव्हेच तो; डोंगराने छातीत मारलेली गुद्दी. सिल्वेरिओने आम्हाला भिंतीशी दाबलं आणि बाहेरच्या अंगाला स्वतः उभा राहिला. वरून खडे पडले, त्याच्या हेल्मेटवर वाजले. तो मोजत होता. प्रत्येक हादऱ्याला एक आकडा. केतकी त्याच्या काखेतून, डोळे मिटून, त्याच्याबरोबर मोजत होती, स्पॅनिशमध्ये नाही, मराठीत. "चार... पाच... सहा..." मग बराच वेळ काही नाही. तो हललाच नाही. मग सातवा.

सातव्यानंतर त्याने श्वास सोडला. मागून धुराचा पिवळट लोट यायला लागला होता. त्याच्यापुढे आम्ही बाहेर पडलो.

बाहेर ऊन होतं, पण हवा बर्फासारखी. अर्जेंटिनाची ती बाई धावत आली आणि तिने केतकीला मिठी मारली. पाइपाशी चार-पाच कामगार थांबून बघत होते. सिल्वेरिओ एका दगडावर बसला. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गंजाच्या रंगाचा झाला होता, आणि तळव्यातून दोन ठिकाणी रक्त येत होतं. कोणीतरी त्याच्या पायावर बाटलीतलं पाणी ओतत होतं.

मी त्याच्यासमोर गेले, पण माझ्याकडे शब्द होते ते सगळे मराठी.

"केतू, सांग त्याला. चूक माझी. त्याने आधीच सांगितलं होतं, तरी मी ऐकलं नाही."

केतकीने सांगितलं. तो माझ्या पायांतल्या दोन वेगवेगळ्या बुटांकडे बघत राहिला. रागावलेला नव्हता. त्याला खरंच कोडं पडलं होतं. त्याने तिला काहीतरी विचारलं.

"तो विचारतोय, काढलास कशाला? पाय दुखत होता का?"

"नाही म्हणावं." मी म्हणाले. "म्हणावं, आमच्याकडे ज्याच्यापुढे मान झुकवायची, त्याच्यासमोर पायातलं काढून उभं राहतात."

केतकीने हळूहळू, एकेक शब्द शोधत, ते स्पॅनिशमध्ये सांगितलं. सिल्वेरिओने मान हलवली, आणि पुन्हा खाली वाकून तळव्यात रुतलेला खडा काढू लागला.

ते जोडपं बघत होतं. ते कामगारही बघत होते. केतकी खाली बसली. तिने उजवा बूट ओढून काढला, मग डावा. दोन्ही जवळजवळ ठेवले, टाचा सारख्या केल्या, मोजे काढून त्यांत खोचले. मग त्या गार, टोकदार खडीवर अनवाणी चालत ती सिल्वेरिओसमोर जाऊन उभी राहिली, हात जोडले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात, मराठीत म्हणाली, "काका, नमस्कार करते."

आणि वाकली.